धाकलू ड्रायव्हरचं लायसन

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, कुंभारवाडा गावाच्या आतल्या अंगाला डांबर संपतं आणि तांबड्या मातीची वाट जंगलात शिरते. त्या वाटेच्या शेवटच्या वाडीत धाकलू वेळीप राहतो. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटक, बोलायला मोकळा माणूस. वाडीतल्या कुणाच्याही लग्नपत्रिकेवर त्याचं नाव ‘धाकलू ड्रायव्हर’ असंच छापलेलं असतं. वेळीप म्हणून त्याला फक्त रेशन दुकानदार ओळखतो.

मिसरूड फुटायच्या आधी तो लाकडाच्या लॉरीवर क्लीनर म्हणून लागला होता. एकदा ओहोळातल्या चिखलात लॉरी रुतली. ड्रायव्हर वैतागून दगडावर विडी ओढत बसला. तेवढ्यात धाकलूनं चाकाखाली फांद्या घातल्या, वर चढला आणि गाडी बाहेर काढली. त्या दिवसापासून त्याच्या हातात स्टेअरिंग आलं ते कायमचं. लॉरी झाली, ट्रॅक्टर झाला, आणि आता कितीतरी वर्षं रामनगरच्या यशवंत शेटची जुनी जीप त्याच्याकडे असते. शेटचा माल रामनगरला पोचवायचा आणि बाकीच्या वेळी वाडीची अडलीनडली कामं करायची, असा दोघांचा तोंडी करार. वाडीतली निम्मी पोरं त्या जीपमधून दवाखान्यात जाऊन जन्मली, आणि एक तर दवाखाना यायच्या आधीच, जीपमध्येच.

धाकलूची एक सवय साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. वाटेनं चालणारं माणूस मागं टाकून तो कधी पुढं गेला नाही. ओळखीचा असो, परका असो, डोक्यावर भारा असो की हातात नुसती काठी, धाकलूचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. “कुठं जातास? बस,” एवढंच तो बोलायचा.

त्याची बायको यमुना वाडीच्या शाळेत पोरांचं बिसीऊट, म्हणजे दुपारचं जेवण, रांधते. ती हल्याळकडच्या गावची, कन्नड शाळेत शिकलेली. धाकलू मराठी शाळेत चौथीपर्यंत गेला. कन्नड बोलायला फाडफाड, पण वाचायला बसला की एकेक अक्षर हातात धरून उचलावं लागे. वाडीतल्या बायकांचा एक संघ आहे, त्याची यमुना सेक्रेटरी. कोकम, कंदमुळं, बांबूच्या सुपल्या असा माल बायका गोळा करतात आणि बाजाराला पाठवतात. गेल्या वर्षी संघाला सरकारी योजनेतून एक छोटी पिकअप गाडी मंजूर झाली, आणि इथूनच सगळं सुरू झालं.

जोयड्याहून एक साहेब आले होते. शाळेच्या ओसरीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या, कडेला पुरुष उभे होते. साहेबांनी बाकीचं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “गाडी चालवणार कोण?”

सगळ्यांनी एकदम धाकलूकडे बोट केलं. धाकलू जरा पुढं सरकला.

“लायसन नंबर सांगा.”

धाकलूनं मान खाजवली. “न्हाई.”

“आता जवळ नाही? मग घरी जाऊन घेऊन या.”

“घरात बी न्हाई, साहेब. काढलंच न्हाई.”

बायकांनी वळून यमुनेकडे पाहिलं. यमुनेनं धाकलूकडे पाहिलं. लग्न होऊन पोरंबाळं मोठी झाली, पण ही गोष्ट तिलाही नवीन होती.

साहेब बरा माणूस होता. ओरडला नाही. म्हणाला, “गाडी यायला अजून चार-पाच महिने आहेत. तोवर लायसन काढा. नाही निघालं तर बाहेरचा ड्रायव्हर ठेवावा लागेल.”

घरी जाताना यमुना पुढं आणि धाकलू मागं, असे चालले होते. मागं न वळता ती म्हणाली, “इतकी वर्सं तुमी लायसनबिगर गाडी चालवालाय?”

“कुणी इचारलंच न्हाई.”

“मी तरी इचारायला पायजे व्हतं,” ती म्हणाली, आणि पुन्हा चालू लागली.

रागावली नव्हती. पण ‘बाहेरचा ड्रायव्हर’ हे शब्द धाकलूच्या डोक्यातून जाईनात. वाडीच्या त्या उतारावर कुणीतरी परका माणूस गाडी घालतोय, गिअर करकरतोय, हे चित्र त्याला जेवताना दिसलं, आणि भाकरी गोड लागेना.

जोयड्याच्या बाजारात श्वेता नावाच्या मुलीचं कंप्युटरचं दुकान आहे. जमिनीचा उतारा, पेन्शन, परीक्षेचे अर्ज, सगळं ती भरून देते. दोघं नवराबायको तिच्यासमोर जाऊन बसले. श्वेतानं धाकलूचं आधार कार्ड हातात घेतलं आणि जन्मतारीख वाचून यमुनेचंही मागून घेतलं.

“मामा, तुमी दोघं बी एक जानेवारीचे?”

“आमची सगळी वाडीच एक जानेवारीची हाय,” धाकलू म्हणाला. “आधारवाला आला तवा म्हणाला, तारीख सांगा. आमी म्हटलं, तूच घाल एखादी बरी बघून.”

श्वेता हसत हसत टाईप करू लागली. मग म्हणाली, “आता तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो सांगा.”

धाकलूनं फोन समोर ठेवला. तिघंही त्याच्याकडे बघत बसले. काही आलं नाही. श्वेतानं पुन्हा पाठवला. तरी नाही. मग तिनं आधारला जोडलेला नंबर बघितला आणि शेवटचे आकडे वाचून दाखवले.

“तो व्हय?” धाकलू म्हणाला. “तो फोन सुपा धरणात पडला. मासं धरताना. त्याला झाली की चार वर्सं.”

“मग ओटीपी तिथंच जाणार,” श्वेता म्हणाली.

त्या दिवशी काम तिथंच थांबलं. आधी आधारचा नंबर बदलायचा, त्यासाठी वेगळी रांग. मग वयामुळे डॉक्टरचा दाखला, त्यासाठी दवाखान्यात दुसरी रांग. डॉक्टरनं धाकलूचे डोळे तपासले, रक्तदाब बघितला आणि विचारलं, “काय करता?” धाकलूच्या तोंडून सवयीनं “ड्रायव्हर” निघून गेलं. डॉक्टरनं दाखल्यावरचं कारण पुन्हा वाचलं, धाकलूकडे बघितलं, आणि सही केली.

सगळे कागद जमवून दोघं पुन्हा श्वेताकडे गेले, तेव्हा ती यमुनेला म्हणाली, “मामी, एवढं येताच आहात तर तुमचं बी भरूया काय? स्कुटीचं?”

यमुना आधी हसली. यमुनेची भाची नेत्रा गोव्याला कामाला गेली, तेव्हा आपली स्कुटी मावशीच्या अंगणात ठेवून गेली होती. यमुना त्या स्कुटीवरून भाजीची पिशवी घेऊन शाळेत जायची. अंगणातून शाळेपर्यंतच, पण जायची. तिनं नवऱ्याकडे एकवार बघितलं आणि श्वेताला म्हणाली, “भर.”

आधी शिकाऊ लायसनची परीक्षा द्यायची होती. रस्त्यावरच्या खुणांची चित्रं आणि नियमांचे प्रश्न, सगळं कन्नडमध्ये. श्वेतानं खुणांचा एक मोठा रंगीत कागद छापून दिला. तो यमुनेनं स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला, आणि भाकऱ्या भाजताना ती उलथन्यानं एकेक चित्र दाखवू लागली.

“हे काय?”

“वाट वाकडी हाय.”

“वाट वाकडी न्हवं. उजवीकडं वळण. आन् हे?”

“हॉर्न.”

“वाजवायचा का न्हाई?”

“वाजवायचाच.”

“त्याच्यावर तांबडी काट मारलीया की.”

“मग मी यायलोय हे कुणाला कळणार?” धाकलूनं मनापासून विचारलं.

त्याचं खरंच चुकत नव्हतं. त्याच्या आयुष्यात रस्त्यावर या खुणा कधी आल्याच नव्हत्या. त्याच्या वाटेवर पाटी एकच, जंगलखात्याची, वन्यप्राण्यांपासून सावध राहा म्हणून सांगणारी, आणि तिच्यावरही एक गवा येऊन अंग घासायचा, म्हणून ती वाकडी झाली होती. एका खांबावर ‘प्रवेश बंद’ आणि दुसऱ्यावर ‘थांबू नका’ असं लिहिलेलं गाव त्याला कल्पनेत उभं करता येईना. यमुनेला मात्र हे सगळं भराभर पाठ झालं. शिकवणारीच आधी शिकते तसं झालं.

परीक्षा श्वेताच्या दुकानात, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची होती. यमुना आधी बसली आणि पास होऊन उठली. मग धाकलू बसला. श्वेतानं बजावलं होतं, “मामा, मान वळवायची न्हाई. कॅमेरा बघत असतो.” पहिले काही प्रश्न बरे गेले. मग एका चित्रापाशी तो अडला. अडलं की बायकोकडे बघायची सवय, आणि ती काही कॅमेऱ्याला विचारून लागलेली नव्हती. तो वळला. यमुनेनं झटकन पदर तोंडावर ओढून भिंतीकडे तोंड केलं, पण तोवर पडद्यावर लाल अक्षरं आली होती. परीक्षा रद्द.

“मी काय इचारलं बी न्हाई तिला,” धाकलू म्हणाला.

“बघितलात न्हवं,” श्वेता म्हणाली.

पुढच्या खेपेला यमुना दुकानाबाहेर, पार चहाच्या टपरीवर जाऊन बसली. धाकलू घाम पुसत पुसत, एकेक अक्षर जुळवत पास झाला. बाहेर येऊन त्यानं टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला. त्या सगळ्यांत दोन अगदी अनोळखी माणसंही होती.

आता महिनाभर थांबून दांडेलीच्या आरटीओ ऑफिसात गाडी चालवून दाखवायची होती. श्वेतानं दोघांना एकाच दिवसाचा, सकाळचा स्लॉट घेऊन दिला. त्या दिवशी पहाटे दोघं नवे कपडे घालून रस्त्यावर येऊन उभे राहिले. बस आली नाही. बराच वेळ झाला. शेजारची लक्ष्मीकाकी गोठ्यातून बाहेर आली आणि म्हणाली, “जीप हाय की अंगणात. न्या की.”

“लायसन काढायला लायसनबिगर जाऊ?” धाकलू म्हणाला.

इतकी वर्षं ज्याला हा प्रश्न पडला नव्हता, त्याला तो त्या सकाळी पडला. एकदा पडल्यावर मात्र त्यानं जीपला हात लावला नाही. काकी पोट धरून हसली. बस आली तेव्हा ऊन चांगलं वर चढलं होतं, आणि स्लॉट गेला. श्वेतानं दुसरा घेऊन दिला. त्या वेळी दोघं आदल्या दिवशीच निघाले आणि गणेशगुडीला धाकलूच्या बहिणीकडे मुक्कामाला राहिले.

दांडेलीत सागर नावाचा एक तरुण ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. परीक्षेसाठी कार आणि स्कुटी त्याचीच घेतली होती. तो धाकलूला म्हणाला, “अण्णा, एक राऊंड मारून बघा. परीक्षेला काय बघतात ते मी सांगतो.”

“जीपवर केस पिकले माझे,” धाकलू म्हणाला. “तू मला काय सांगतोस.”

सागरनं आग्रह केला नाही.

इन्स्पेक्टर बाई होत्या. राजेश्वरी मॅडम. खाकी कपडे, हातात पॅड, आवाज हळू. त्या हल्याळच्याच असल्यामुळे मराठी चांगलं बोलत. आधी यमुनेचा नंबर आला. मैदानात जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्यावरून पाय न टेकता स्कुटी न्यायची. यमुनेनं पदर कमरेला खोचला, डोक्यावर हेल्मेट घातलं आणि निघाली. अंगणात कोंबड्या, वाळत घातलेलं कोकम आणि झोपलेलं कुत्रं यांच्यामधून स्कुटी काढायची तिला सवय होती. आठाचा आकडा तिनं दोनदा फिरून दाखवला, कारण कधी थांबायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“बास, अम्मा,” मॅडम म्हणाल्या. “पास.”

मग धाकलू कारमध्ये बसला. मॅडम शेजारी, सागर मागं. मैदानात त्यानं गाडी रिव्हर्स घेतली ती अशी सुतात, की मागं बसलेला सागरही मान डोलावू लागला. मॅडम म्हणाल्या, “आता रस्त्यावर घ्या.”

रस्त्यावर आल्यावर धाकलूचा जीव मोकळा झाला. कोपर खिडकीबाहेर गेलं. वळण आलं तसा त्यानं सवयीप्रमाणे हात बाहेर काढून हलवला. मॅडमनी पॅडवर काहीतरी लिहिलं. सागर मागून हळूच खाकरला. धाकलूला वाटलं, पोराला सर्दी झालीय. पुढं रस्ता जरा चढाचा होता, आणि त्या चढावर एक म्हातारा खांद्यावर मोठा फणस घेऊन चालला होता. उन्हात, वाकून, हळूहळू.

धाकलूला नंतर कितीही विचारलं तरी पुढचं तो सांगू शकायचा नाही, कारण त्यात त्यानं काही ठरवलेलं नव्हतं. पाय ब्रेकवर गेला. गाडी म्हाताऱ्याशेजारी थांबली. धाकलूनं मॅडमच्या खिडकीकडे वाकून कन्नडमध्ये विचारलं, “कुठं जायचंय, मामा?”

“बसस्टँड.”

“बस.”

म्हाताऱ्यानं मागचं दार उघडलं, फणस सागरच्या मांडीवर ठेवला आणि आत बसला. धाकलूनं गाडी पुढं काढली.

“हे कोण?” मॅडमनी विचारलं.

“ठावं न्हाई.”

“मग थांबलात कशासाठी?”

“चालत व्हता,” धाकलू म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, “आता बसलेच आहेत तर बसस्टँडवर सोडा.” म्हातारा उतरला, पुढं येऊन मॅडमच्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, “आतले गरे गोड हायत, ताई. देऊ काय थोडे?” मॅडमनी हात जोडून नको म्हटलं.

ऑफिसापाशी गाडी उभी राहिल्यावर त्यांनी पॅड मांडीवर ठेवलं. “तुमचा हात चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण बेल्ट लावला नाही. इंडिकेटर एकदाही दिला नाही. आरशात बघितलं नाही, आणि चढावर मागचं न बघता थांबलात. परीक्षेत प्रवासी घेतला ते कुठल्या नियमात बसतं ते मला बघावं लागेल. आठवडाभर थांबून पुन्हा या.”

बसमध्ये यमुना खिडकीशी बसली, धाकलू शेजारी. तो पुढच्या सीटचा दांडा धरून बसला होता. आपण नापास झालो याहून, बायको पास झाली आणि आता वाडीत जाऊन हे सांगायचं कसं, हे त्याला जड झालं होतं. गणेशगुडीचा पूल आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की यमुनेचे खांदे हलताहेत. त्याला वाटलं रडतेय. वाकून बघितलं तर ती पदराचा बोळा तोंडात धरून हसत होती.

“काय गो?”

“त्या सागरच्या मांडीवर फणस,” ती कशीबशी म्हणाली. “आन् तो बिचारा तसाच धरून बसला.”

धाकलूनं आधी तोंड फिरवलं. मग त्याच्या डोळ्यांसमोर सागरचा चेहरा आला, आणि त्यालाही हसू फुटलं. एकदा फुटल्यावर आवरेना. कंडक्टरनं येऊन विचारलं, काय झालं. धाकलूनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, मॅडमच्या आवाजात, म्हाताऱ्याच्या आवाजात. जोयडा येईपर्यंत अख्खी बस ऐकत होती, आणि वाडीत सांगायची धास्ती कुठल्या कुठे गेली होती. धाकलू घरी पोचायच्या आधी ही गोष्ट वाडीत पोचलीसुद्धा.

आता सराव सुरू झाला. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवालं माणूस लागतं, म्हणून शाळेचे सूरज गुरुजी संध्याकाळी जीपमध्ये पुढं बसू लागले आणि यमुना मागं. जीपला पुढं-मागं तांबड्या रंगानं ‘एल’ लिहिलं. ज्या जीपनं सगळ्या वाडीला बाजार दाखवला, तिच्यावर ते अक्षर बघायला पोरंटोरं आणि म्हातारीकोतारी गोळा झाली.

बेल्ट दोन दिवसांत अंगवळणी पडला. इंडिकेटरसाठी धाकलू आधी तोंडानं म्हणायचा, “डावीकडं,” आणि मग हात जायचा. अवघड होतं ते एकच. वाटेवर माणूस दिसलं की गुरुजी म्हणायचे, “पुढं चला.” धाकलू गाडी हळू करायचा. “चला, पुढं,” मागून यमुना. आणि धाकलू दात आवळून पुढं जायचा.

दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीकाकी यमुनेशी बोलेना. विहिरीवर घागर आपटून म्हणाली, “चाऱ्याचा भारा घेऊन मी वाटेत उभी, आन् तुझा न्हवरा माझ्याकडं बघत बघत निघून गेला. काय चुकलं गो माझं?” यमुनेनं तिला बसवून सगळं समजावलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वाडीला कळलं, आणि वाडीनं हे काम आपलंच समजून अंगावर घेतलं.

रोज जीप निघायची वेळ झाली की माणसं वाटेवर चालू लागली. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तीही. म्हातारा लाडू तर डोक्यावर रिकामं पोतं घेऊन, एक पाय ओढत, मधूनमधून कपाळाचा घाम पुसत चालायचा, आणि जीप जवळ आली की असं केविलवाणं तोंड करायचा की गुरुजींचाही धीर सुटायचा. “लाडूमामा, काल तर डावा पाय ओढत होतात,” यमुना मागून ओरडायची.

धाकलूही हसायचा, पण त्याच्या मनात एक गोष्ट झाली होती, ती त्यानं फक्त यमुनेला सांगितली. आरशात बघायची सवय त्याला नव्हती. आता गुरुजी सांगायचे म्हणून तो बघायचा, आणि त्यात मागं राहिलेलं माणूस लहान लहान होत जाताना दिसायचं.

“आजवर म्या आरशात बघितलंच न्हाई,” तो म्हणाला. “बघितलं आसतं तरी रिकामीच वाट दिसली आसती. माणसं सगळी गाडीत.”

यमुना म्हणाली, “आठ दिस तर हायत. मग घ्या की सगळ्यास्नी.”

दुसऱ्या परीक्षेला पुन्हा राजेश्वरी मॅडमच होत्या. त्यांनी ओळख दाखवली नाही, पण सागरनं मागं बसताना मांडीवर आपली बॅग आडवी ठेवली ती त्यांनी बघितली, हे धाकलूला दिसलं. या खेपेला त्यानं सागरबरोबर आधी दोन राऊंड मारले होते, आणि सागर सांगेल ते मान खाली घालून ऐकलं होतं. बेल्ट. आरसा. इंडिकेटर. मनातल्या मनात “डावीकडं” म्हणायचं ठरवलं होतं, पण ते मोठ्यानं बाहेर पडलं.

चढ आला. त्या दिवशी तिथं एक बाई पोराचा हात धरून चालली होती, काखेत कपड्यांचं गाठोडं. धाकलूनं ब्रेककडे जाणारा पाय आवरला. त्यानं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, बाईपासून पुरेसं अंतर ठेवून गाडी पुढं काढली आणि पुन्हा आपल्या बाजूला आणली.

ऑफिसापाशी आल्यावर मॅडम म्हणाल्या, “आज कुणाला घेतलं नाही?”

“जीव व्हत होता घ्यावं म्हणून,” धाकलू म्हणाला. “पण तुमी परत पाठवला आसता.”

मॅडमनी पॅडवर लिहिलं, कागद फाडून त्याच्या हातात दिला. “पास. आणि माणसं घेऊ नका असं मी म्हटलेलं नाही. आधी आरशात बघा, मग इंडिकेटर द्या, मग कडेला थांबा. मग बसवा.”

“व्हय, मॅडम.”

तो बाहेर आला तेव्हा यमुना झाडाखाली उभी होती. त्याच्या चालण्यावरूनच तिला कळलं. मग तो सागरला घेऊन हॉटेलात गेला, तिघांनी पोटभर पुरीभाजी खाल्ली, आणि सागरला त्यानं दोनदा “गुरुजी” म्हटलं.

कार्ड पोस्टानं आलं. कुंभारवाड्याच्या पोस्टमननं ते मुद्दाम वाडीत येऊन दिलं. यमुनेचं आधीच आलेलं होतं. ते तिनं शाळेत डाळीच्या डब्यामागं ठेवलं होतं आणि मागेल त्याला दाखवत होती. धाकलूनं आपलं कार्ड उलटसुलट बघितलं, फोटोतला माणूस आपल्यापेक्षा म्हातारा दिसतो अशी तक्रार केली, आणि देवापुढं ठेवून आला.

गाडी आली ती पांढरी पिकअप. बायकांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. जोयड्याचे तेच साहेब आले होते. त्यांनी यादीत ड्रायव्हरचं नाव घातलं, नंबर धाकलूनं न बघता तोंडपाठ म्हणून दाखवला. पहिल्या फेरीला मागं कंदांची पोती आणि कोकम होतं, पुढं यमुना. रामनगरच्या बाजारात दुपारपर्यंत माल संपला. यशवंत शेटनं गाडीभोवती फिरून बघितलं आणि हळूच विचारलं, “मग माझी जीप आता कोण चालवणार?”

“मीच,” धाकलू म्हणाला. “आता तर कायद्यानं.”

परतताना जोयड्यात श्वेताच्या दुकानासमोर यमुनेनं गाडी थांबवायला सांगितली. धाकलूला वाटलं पेढे द्यायचे आहेत. पेढे तिनं दिलेच, पण त्याबरोबर काउंटरवर आपलं आधार कार्डही ठेवलं. म्हणाली, “श्वेता, आता चार चाकीचं भर. संघाची गाडी हाय, ह्यांना ताप आला तर काय माल घरात कुजवायचा?”

श्वेतानं धाकलूकडे बघितलं. धाकलूनं एक पेढा तोंडात टाकला आणि मान हलवली.

आता रोज शाळा सुटली की मैदानात जीप फिरते. यमुना चालवते, धाकलू शेजारी बसतो. क्लच सोडताना जीप गचका खाऊन बंद पडते, आणि धाकलू दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरतो. “हळू सोड, गो,” तो म्हणतो. “तुमी आधी वरडायचं सोडा,” ती म्हणते, आणि पुन्हा चावी फिरवते. पुढच्या महिन्यात तिचा दांडेलीचा स्लॉट आहे. या खेपेला बसची वाट बघायची नाही, धाकलूच तिला घेऊन जाणार आहे.